मंदीत घेतलेला महागडा जोड : कितीला पडला आणि आज कुठे आहे?

परवा बेसमेंट आवरताना फेरागामोच्या (महागडा इटालियन ब्रँड) शूजचं खोकं सापडलं आणि 2008 चा डिसेंबर आठवला. तेव्हा आम्ही जर्सी सिटीत राहायचो, नवरा एका बँकेत कॉन्ट्रॅक्टवर, 15 सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि त्यानंतर लिफ्टमधे कोणी मराठी भेटलं की "तुमच्याकडे काय परिस्थिती?" एवढंच विचारायचं. माझी नोकरी चालू होती. पाथ ट्रेनने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरलं की समोर कोर्टलँड स्ट्रीटवर सेंच्युरी 21, महागडे ब्रँड स्वस्तात विकणारं दुकान, ते सकाळी पावणेआठलाच उघडायचं, म्हणजे ऑफिसआधी अर्धा तास उगाच हिंडायला. तिथे एका सकाळी फेरागामोचे 'वारा' नावाचे शूज दिसले, तेच ते पुढे बो असलेले, काळे, 109 डॉलर. तेव्हा न्यूयॉर्कात 110 च्या आतल्या शूजवर टॅक्स नव्हता, त्यामुळे अजूनच जीव अडकला. घेतले, आणि घरी दोन आठवडे सांगितलं नाही! नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट जाईल की राहील याची रोज धाकधूक आणि कपाटात मी लपवलेलं खोकं. (राहिलं बरं का.) जोड अजून आहे, दोनदा टाचा बदलल्या.

तर तुम्हीही या धाग्यावर लिहा. कोणती मंदी, कितीला घेतला, पुढे त्याचं काय झालं. बढाया चालतील, फजिती जास्त आवडेल.

* * *

अगं मीपण तेव्हा मॅनहॅटनमधेच! त्या नोव्हेंबरात सॅक्सने, म्हणजे फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरच्या त्या महागड्या दुकानाने, थँक्सगिव्हिंगच्या आधीच 70 टक्के सेल लावला होता, आठवतंय? आठव्या मजल्यावरचं त्यांचं शूजचं डिपार्टमेंट, ज्याला पोस्टाने स्वतंत्र झिपकोड दिला होता, 10022-शू. एरवी मी तिथे फक्त बघायला जायचे, तेही सेल्सवाल्याची नजर चुकवत. त्या दिवशी नुसती झुंबड, जमिनीवर खोकी, एका बाईच्या एका पायात एक आणि दुसऱ्यात भलताच शू.

पण खरी गंमत नंबराची आहे. सेलमधे मधले (अमेरिकन) नंबर, सात-आठ-नऊ, आधी उडतात. उरतात ती टोकं, पाच-साडेपाच नाहीतर अकरा. आणि आपले देशी पाय साडेपाचचे! आयुष्यभर "तुमच्या साइझमधे नाही" ऐकलेलं, त्या दिवशी पहिल्यांदा पायांचा अभिमान वाटला. सँपल सेललाही (नमुन्याचे जोड विकतात तो) तेच, सँपलचा जोड बहुतेक सहाचा असतो. आणि स्नीकर हवे असतील तर सरळ मुलांच्या सेक्शनमधे जा, बायकांचा सहा म्हणजे तिकडचा साधारण चार, आणि किंमत बरीच कमी.

पुढच्या वर्षी मी डोळे लावून बसले तर सेलमधे धड काही नाही. दुकानांनी पोळून घेतल्यावर मालच कमी मागवला होता.

* * *

आमची मंदी त्याच्या आधीची, 2001, डॉटकॉमवाली. बॉस्टनला होतो, एच-वन व्हिसावर, म्हणजे नोकरी गेली तर बॅग भरायची. डाउनटाउन क्रॉसिंगला फायलीन्स बेसमेंट होतं, तिथे टॅगवर माल आल्याची तारीख असायची, ठरावीक दिवस गेले की किंमत आपोआप 25 टक्के कमी, मग 50, मग 75, तरी नाही खपलं तर धर्मादाय. आता यात मराठी माणसाचं डोकं कसं चालणार सांगा. मी एक इटालियन जोड हेरला, 50 वर होता, 75 ची वाट बघायची म्हणून पुरुषांच्या कोटांच्या मागे लपवून आले. आठवड्याने गेले तर जोड गायब आणि त्याच जागी कोणीतरी लपवलेली हँडबॅग :) ती घेतली. शूजच्या धाग्यावर बॅगेचा किस्सा, माफी असावी. ते दुकान 2007 मधे बंद झालं, त्यामुळे तुमच्या मंदीपर्यंत ते टिकलं नाही.

* * *

पुरुषांनी लिहिलं तर चालतं ना?

2009, मिलवॉकी. लेऑफ. इंटरव्ह्यूसाठी शूज हवे होते, बायको म्हणाली आहेत त्यांना पॉलिश कर. तरी उत्तरेला पोर्ट वॉशिंग्टनला गेलो, अ‍ॅलन एडमंड्सची फॅक्टरी तिथे आहे आणि त्यांचं सेकंड्सचं दुकान. सेकंड्स म्हणजे चामड्यावर एखादी सुरकुती, शिलाई जरा वाकडी, मला तर भिंग लावूनही दिसलं नसतं. त्यांचं 'पार्क अ‍ॅव्हेन्यू' मॉडेल, काळे, जवळपास निम्म्या किमतीत. नोकरीसाठी जोडे झिजवले म्हणतात ना, ते मी अक्षरशः झिजवले, सात महिने. सोल गेला तर खोक्यात घालून फॅक्टरीला पाठवले, त्यांनी नवीन सोल, आत नवीन कॉर्क घालून परत दिले. वेल्ट (वरचं चामडं आणि सोल जोडणारी पट्टी) शिवलेला असतो म्हणून हे जमतं, चिकटवलेल्या सोलला नाही जमत, त्यामुळे स्वस्तात घेताना आधी उलटा करून बघा. परवा मुलाने त्याच्या पहिल्या इंटरव्ह्यूला तेच घालून नेले, अर्धा नंबर मोठे होतात त्याला, जाड मोजे घातले.

* * *

मी जॉन्स्टन अँड मर्फीचे (जुना अमेरिकन ब्रँड) क्लिअरन्समधे घेतले, केवढा भाव खाल्ला, घरी शूची जीभ उचलून बघतो तर मेड इन इंडिया. गावी सांगितलंच नाही.

* * *

फजिती हवी होती ना, घ्या.

2009 मधे न्यू जर्सीत (शूजवर टॅक्स नाही, हे एक बरंय) स्वस्तात मिळाले म्हणून चार जोड घेतले. एक फार भारी होता, जाड मऊ सोलचा, तो "चांगल्या कार्यासाठी" ठेवला. चांगलं कार्य आलं आठ वर्षांनी, भाचीचं लग्न, रत्नागिरीला, जूनमधे. हॉलमधे अक्षता पडेपर्यंत ठीक, पंगतीकडे चालले तर मागे काळा चुरा, शेवेसारखा. सोल विरघळत होता! मोची म्हणाला, हा फोमचा सोल, वापरला नाही की आपसूक कुजतो. नंतर कळलं खरंच तसं आहे, पॉलीयुरेथेनला हवेतला दमटपणा खातो, खोक्यात नवा कोरा ठेवला तरी. उरलेलं लग्न हॉलच्या आचाऱ्याच्या रबरी स्लीपरमधे.

* * *

म्हणजे आईची "नवीन आहे, नीट ठेव" ही शिकवण शूजना लागू नाही.

आउटलेट मॉलबद्दल कोणी बोललंच नाही. टॅगवरची खोडलेली किंमत बघून हुरळू नका, बरेच ब्रँड आउटलेटसाठी वेगळाच, हलका माल बनवतात, तो मूळ दुकानात कधी आलेलाच नसतो. मी तिथे दोनदा पस्तावलोय. ज्या दुकानात उरलेला माल खरोखर टाकतात तिथे अर्धे नंबर गायब असतात, तीच खूण.

* * *

धागाकर्ती : हसून हसून मेले, शेवेसारखा काय! आत्ता जाऊन बेसमेंटमधले सगळे सोल दाबून बघितले, शाबूत आहेत. त्यात एक साडेपाचचा जोड निघाला, लाल, टाच तीन इंची, 2009 चा, मला कधीच झाला नाही, सेल म्हणून घेतला होता. वरच्या साडेपाचवाल्या ताई, पत्ता मेसेज करा. पोस्टेज तुमचं.