जांघेतली गाठ: हर्निया म्हणाले, डॉपलरमध्ये अ‍ॅन्युरिझम निघाला

लालबागकर:
आई ५८ वर्षांची, पोळीभाजी केंद्र चालवते, दिवसभर तव्यापुढे उभी. उजव्या जांघेत लिंबाएवढी मऊ गाठ आली. फॅमिली डॉक्टर म्हणाले हर्निया. सर्जनने कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करायला लावला, त्यात ‘ग्रेट सफेनस व्हेन अ‍ॅन्युरिझम, २८ मिमी’ आलंय. घरात सगळ्यांचं धाबं दणाणलंय. मावशीने आईला जोरात शिंकायलाही बंदी केलीये! फुटेल का हे? लेझरने भागेल?

परळची सिस्टर:
आधी मावशींना शांत करा. अ‍ॅन्युरिझम म्हणजे फुगवटा. मेंदूतल्या, पोटातल्या धमनीचा फुगवटा फुटायची भीती असते, कारण तिथे दाब जबर. ग्रेट सफेनस ही पायाची, कातडीखालची वरवरची शीर, फुटणं क्वचितच. इथे धास्ती गुठळीची. फुगवट्यात रक्त रेंगाळतं, साकळतं. आणि ही शीर जांघेतच खोल फेमोरल शिरेला मिळते, म्हणजे गुठळी तिथून फुप्फुसात जाऊ शकते.

हर्निया वाटला यात नवल नाही. दोन्ही गाठी खोकल्यावर हाताला लागतात, आडवं केल्यावर बसतात. पण शिरेची गाठ दाबली की लगेच रिकामी होते, उभं केलं की भरते, आणि खोकताना बोटाखाली थरथर जाणवते.

जांघेत ही शीर खोल शिरेला मिळते त्या जोडाला चिकटून ती एवढी रुंद असेल तर नुसत्या लेझरवर सर्जन सहसा भिस्त ठेवत नाहीत. छोटा छेद घेऊन जोडाशी शीर बांधतात, फुगवटा कापून काढतात. खालच्या व्हेरिकोज (फुगून वेड्यावाकड्या झालेल्या) शिरेला मग लेझर चालतो. शीर काढली तर रक्त वर कसं चढणार, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. पायाचं बहुतेक रक्त खोल शिरांतूनच जातं. म्हणून त्या मोकळ्या आहेत का, ते रिपोर्टात बघा. आणि आडवं केल्यावर गाठ बसते, म्हणून विचारते, डॉपलर उभं करून केला होता ना?

बोरिवली स्लो:
माझा फुगवटा पोटरीत होता, काढला. संध्याकाळी वॉर्डात चालवलं. ऑपरेशनपेक्षा मे महिन्यात ते घट्ट स्टॉकिंग्ज घालणं म्हणजे शिक्षा! पाय सुजायच्या आत, सकाळी पलंगावरच चढवायचे.

लालबागकर:
खोल शिरा मोकळ्या आहेत. डॉपलर मात्र झोपवूनच केला होता. आई म्हणते ऑपरेशन गणपतीनंतर, आत्ता ऑर्डरी आहेत.

परळची सिस्टर:
तारीख सर्जनना ठरवू दे, ऑर्डरींना नाही. उभं करून डॉपलर पुन्हा करून घ्या. मधल्या काळात गाठ कडक झाली, पाय सुजला किंवा धाप लागली, तर थेट कॅज्युअल्टी गाठा. आणि शिंकू द्या त्यांना.