मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये खासगी पार्किंग कंपनीचे १०० पौंडांचे पत्र, अपील कसे करावे?

सायली_बर्कशायर
नमस्कार मंडळी. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे, व्ही५सी (गाडीचे नोंदणीपत्र) त्याचेच. जवळच्या रिटेल पार्कमध्ये २ तास पार्किंग फुकट आहे. पत्रात शनिवार ३ मे २०२५, आत ११:४२, बाहेर १४:०९ असे लिहून नंबरप्लेटचे दोन फोटो दिलेत. काचेवर काही चिकटवलेले नव्हते. पत्रावर तारीख १५ मे, घरी पोचले २० मेला. रक्कम १०० पौंड, १४ दिवसांत भरले तर ६०. ओळखीचे काही जण म्हणतात फाडून टाका, काही म्हणतात ६० भरून मोकळे व्हा. नक्की काय करावे?

टेम्सकाठ
आधी मथळा बघा. 'पेनल्टी चार्ज नोटीस' असेल तर ती कौन्सिलची, तिचा मार्ग वेगळा. 'पार्किंग चार्ज नोटीस' असेल तर ते खासगी कंपनीचे बिल: फलकावरच्या अटी मोडल्या म्हणून करारभंगाचा दावा. सरकारी दंड नाही, त्यामुळे लायसन्सवर पॉइंट्स वगैरे काही येत नाहीत.

फाडून मात्र अजिबात टाकू नका. तो सल्ला १ ऑक्टोबर २०१२ च्या आधीचा. त्या दिवसापासून 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्ट २०१२' चे चौथे परिशिष्ट लागू आहे. चालक कोण हे कळले नाही तरी गाडीच्या नोंदणीकृत कीपरकडून (व्ही५सीवर ज्याचे नाव, त्याच्याकडून) पैसे मागता येतात, पण कंपनीने त्यातल्या अटी काटेकोर पाळल्या असतील तरच. तुमचे सगळे अपील या 'तरच'वर उभे राहील. आणि चालक कोण होते हे धाग्यात लिहिले नाहीत ते बरे केलेत. पुढेही लिहू नका.

कागदपत्री
तारखांचा हिशोब मांडतो. काचेवर नोटीस नसेल तर त्या परिशिष्टातले कलम ९ लागू. कीपरला नोटीस 'पोचायला' हवी १४ दिवसांत, आणि मोजणी घटनेच्या दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे ४ मे हा पहिला दिवस, १७ मे शेवटचा.

पत्र कधी पोचले हे कायदा गृहीत धरतो: टपालात टाकल्यानंतरचा दुसरा कामकाजाचा दिवस. १५ मे गुरुवार. शुक्रवार १६ पहिला, शनिवार-रविवार सोडून सोमवार १९ दुसरा. कंपनीने पत्रावरच्या तारखेलाच टपाल केले असे मानले तरी नोटीस १९ मेला पोचली. मुदत दोन दिवसांनी हुकली. कीपरवर जबाबदारी टाकायचा कंपनीचा हक्क गेला, उरला फक्त चालक. तो कोण हे त्यांना माहीत नाही आणि सांगायचे बंधन तुमच्या यजमानांवर नाही.

पत्राचे पाकीट जपून ठेवा. काचेवर नोटीस लावली असती तर नियम वेगळा होता: कीपरचे पत्र २९व्या ते ५६व्या दिवसाच्या दरम्यान यावे लागते. लोक हे दोन नियम सर्रास एकमेकांत मिसळतात आणि चुकीच्या मुद्द्यावर अपील हरतात.

सायली_बर्कशायर
खूप आभार! १० मिनिटांची सवलत असते ना, तोही मुद्दा घालू का? आणि चेकआउटच्या रांगेचा?

टेम्सकाठ
खासगी पार्किंग कंपन्यांच्या बीपीए आणि आयपीसी या दोन्ही संघटनांची सामायिक संहिता १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे. परवानगीची वेळ संपल्यावर किमान १० मिनिटे सवलत असते. आत आल्यावर फलक वाचून थांबायचे की नाही हे ठरवायला वेगळा वेळ द्यावा लागतो, सहसा किमान ५ मिनिटे. तुमची जादा वेळ २७ मिनिटे आहे, नुसत्या सवलतीवर निभावणार नाही. रांगेवर तर नाहीच.

'२७ मिनिटांचे १०० पौंड म्हणजे लूट' हेही लिहू नका, कितीही खरे वाटले तरी. पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये २ तासांच्या मर्यादेवर ५६ मिनिटे जादा थांबल्याचे ८५ पौंड वैध ठरवले. त्या निकालात फलक मोठे, ठळक आणि ठिकठिकाणी होते हे महत्त्वाचे होते. म्हणून तुमच्या पार्किंगचे फलक तपासा: प्रवेशाशी आहे का, रक्कम गाडीतून किंवा गाडीशेजारून वाचता येते का. फोटो काढा.

कागदपत्री
अपील इंग्रजीत, यजमानांच्या नावाने. एवढेच मुद्दे हवेत:

मी या गाडीचा नोंदणीकृत कीपर आहे. चालक कोण हे मी सांगत नाही आणि तसे कायदेशीर बंधन नाही. तुमची नोटीस कलम ९(४) च्या मुदतीत पोचलेली नाही, म्हणून कीपरवर जबाबदारी येत नाही. चार्ज रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा कोड द्या.

'मी गाडी लावली', 'आम्ही जेवत होतो' असे एकही वाक्य नको. 'माझी गाडी लावलेली होती', 'चालकाने' अशीच भाषा. वेबसाइटवर ड्रॉपडाउनमध्ये 'कीपर' निवडा, पाठवण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. आणि खोटे लिहू नका. गप्प राहणे चालते, दुसऱ्याच कोणाला चालक म्हणून पुढे करणे चालत नाही.

समांतर एक काम करा, बरेचदा हेच सगळ्यात लवकर फळते. त्या दिवसाची पावती घेऊन दुकानाच्या मॅनेजरला किंवा रिटेल पार्कच्या व्यवस्थापनाला लिहा. पार्किंग कंपनी त्यांनीच नेमलेली असते आणि त्यांच्या सांगण्यावरून चार्ज रद्द होऊ शकतो. तिथेही भाषा वरचीच.

पुणेकर_पाहुणा
थोडे अवांतर: भाड्याच्या गाडीवर असे पत्र आले तर? पुढच्या महिन्यात मुलीकडे जातोय.

टेम्सकाठ
काका, पत्र आधी भाडे कंपनीला जाते. ती तुमचे नाव कळवते आणि करारात लिहिलेली प्रशासकीय फी कार्डावरून कापते. ही फी अपील जिंकूनही सहसा परत मिळत नाही. त्यानंतर पार्किंग कंपनीने तुम्हाला २१ दिवसांत नोटीस द्यावी लागते, सोबत भाडेकराराची प्रत, जबाबदारी स्वीकारल्याचे निवेदन आणि मूळ नोटीस. या प्रती नसतील तर भाडेकरूवर जबाबदारी येत नाही, आणि प्रती बरेचदा नसतात. भारताचा पत्ता दिला असेल तर ईमेलवर लक्ष ठेवा.

एडिनबरा_आजी
आमच्याकडे?

कागदपत्री
आजी, ते परिशिष्ट फक्त इंग्लंड आणि वेल्ससाठी. स्कॉटलंडमध्ये त्याच्या आधारे कीपरवर बोट ठेवता येत नाही. पत्रातली भाषा तशीच धमकीची असते, घाबरू नका.

सायली_बर्कशायर
अपील पाठवले होते, फेटाळले. उत्तरात तारखेबद्दल अक्षर नाही, उलट 'चालकाचे नाव कळवा' असे आहे. पॉपला या स्वतंत्र अपील सेवेचा कोड दिलाय. ६० ची सवलतही संपली.

कागदपत्री
पहिल्या पायरीवर असा ठोकळेबाज नकार नेहमीचाच. पॉपला म्हणजे कंपनी बीपीएची सभासद, आणि ही चांगली बातमी. (आयपीसीवाल्यांचे अपील आयएएस या दुसऱ्या अपील सेवेकडे जाते, तिथे कीपरच्या बाजूने निकाल लागणे पुष्कळ अवघड.) नकाराच्या तारखेपासून २८ दिवस आहेत, फी नाही. निकाल कंपनीवर बंधनकारक, तुमच्यावर नाही.

मुद्दे पीडीएफमध्ये, या क्रमाने: मुदत हुकली, वरच्या तारखांचे गणित जसेच्या तसे, चालक कोण हे कंपनीने सिद्ध केलेले नाही, फलक अपुरे, फोटोंसह, कंपनीने जमीनमालकाशी असलेला करार दाखवावा. कंपनी पुरावे टाकेल, त्यावर बोलायला ७ दिवस मिळतात. तेव्हा नवे मुद्दे घेतले जात नाहीत, म्हणून सगळे आताच घाला. करारातली नावे, तारखा झाकल्या असतील तर त्या ७ दिवसांत नेमके तेवढेच दाखवून द्या.

टेम्सकाठ
पॉपला हरलात तरी लगेच काही होत नाही. वसुली एजन्सीची पत्रे येतील, रक्कम ७० पौंडांनी फुगेल. त्यांना घरात शिरायचा किंवा काही उचलायचा अधिकार नाही. दोन कागद मात्र कधीही बाजूला टाकू नका: 'लेटर बिफोर क्लेम', उत्तराला ३० दिवस, आणि काउंटी कोर्टाचा क्लेम फॉर्म. क्लेम बजावल्यापासून १४ दिवसांत पोच दिली तर बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. हे चुकले की एकतर्फी सीसीजे, म्हणजे काउंटी कोर्टाचा पैसे भरण्याचा निकाल. तो महिन्याभरात पूर्ण भरला तर नोंद निघते, नाहीतर ६ वर्षे राहते आणि मॉर्गेज अडते.

कंपनी पत्ता डीव्हीएलएकडून (वाहन नोंदणी खात्याकडून) घेते. वर्षभरात घर बदलणार असाल तर व्ही५सी लगेच बदला आणि पार्किंग कंपनीलाही नवा पत्ता ईमेलने कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेल्या क्लेममुळे झालेला निकाल रद्द करायला एन२४४ अर्ज लागतो, त्याची फीच ३०० पौंडांच्या वर आहे.