मुलीच्या शाळेत घरचं आजारपण सांगावं का? लवकर उत्तर हवंय

रातपाळी
सोमवारी शाळेत बोलावलंय, त्याआधी सांगा. मुलगी रोज पहिल्या तासाला उशिरा पोचते, गृहपाठ अर्धवट असतो. बाईंना मोबाइलचा संशय आहे. खरं कारण घरचं आहे, पण ती म्हणते, शाळेत कळलं तर मी तिथे पाऊल ठेवणार नाही. सांगावं की नाही? आणि अशा घरांसाठी मदत गट असतात म्हणे, त्यांचा खरंच उपयोग होतो का? 'धीर धरा, सगळं ठीक होईल' छापाची उत्तरं नकोत.

काथ्याकूट
रात्री दहानंतर मोबाइल कपाटात, किल्ली तुमच्याकडे. आमच्याकडे आठवड्यात फरक पडला.

चष्मेवाली
घरचं कारण म्हणजे काय? मुलीचं वय? न सांगता उत्तर कसं द्यायचं?

रातपाळी
मोबाइलचा विषयच नाही हो. घरी पेशंट आहे, सगळं मुलगीच बघते. वय १५.

चष्मेवाली
पेशंट कोण? आजार काय? 'सगळं' म्हणजे काय काय? आणि तुम्ही कुठे असता?

रातपाळी
बायको. पक्षाघात. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. मला कायमची रात्रपाळी आहे, नावावरून कळेल असं वाटलं होतं. रात्री कूस बदलणं, सकाळी उठवून बसवणं, भरवणं, गोळ्या, कपडे, शिवाय धाकट्याचं आवरणं. मी घरी पोचल्याशिवाय तिला निघता येत नाही. विचारलंय तेवढंच सांगा, प्लीज.

गादीवाला_नाही_मी
हवेची गादी घ्या. मोटरवाली. वडिलांसाठी घेतली आणि रात्रीचं उठणं बंद झालं. अर्धा प्रश्न तिथेच मिटेल.

निवृत्त_सिस्टर
चुकीचं सांगू नका. गादीने दाब कमी होतो, कूस बदलणं सुटत नाही. साधारण दर २ तासांनी बदलायची, किती वेळाने ते तुमचे डॉक्टर पेशंट बघून ठरवतील. माकडहाड आणि टाचा रोज बघा. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर क्षणभर फिका पडला नाही, तर ती बेडसोअरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा. भरवताना पूर्ण बसवा, नंतरही अर्धा तास आडवं करू नका. गिळताना ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा.
आणि मुलगी उठवताना आईचा उजवा हात धरून ओढते का? लुळ्या बाजूचा खांदा असाच निखळतो. कमरेखाली आडवी दुमडलेली चादर घालून दोघांनी मिळून सरकवायचं. एकट्या मुलीने हे करूच नये, तिचीही पाठ जाईल.

गादीवाला_नाही_मी
वडिलांना एकही जखम झाली नाही, एवढं सांगतो.

निवृत्त_सिस्टर
नशीब तुमचं.

जुनं_खोड
आमच्या वेळी आजीचं सगळं आम्ही भावंडांनी केलं. गट नव्हते, समुपदेशक नव्हते. पोरं जबाबदार होतात. उगाच बाऊ नको.

एकेकाळची_ताई
तुम्ही भावंडं होतात, काका. ही एकटी आहे.
रातपाळी, मीही शाळेत असताना घरी हेच करत होते आणि कुणाला कळू दिलं नाही. लाज आईची नसते. कळल्यावर वर्गात सगळे 'बिच्चारी' म्हणून बघतील, किंवा आपल्याला घरातून दुसरीकडे नेऊन ठेवतील, ही भीती असते. तिच्या मनात यातलं काय आहे ते तिलाच विचारा. आणि शाळेला सांगायचं म्हणजे सगळ्या स्टाफरूमला नाही. एक माणूस, तोही तिने निवडलेला. मागणी नेमकी ठेवा: पहिल्या तासाला लेट मार्क नको, गृहपाठाला दोन दिवस जास्त, आणि घरून फोन आला तर वर्गाबाहेर जाऊ द्यावं. 'सांभाळून घ्या' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि काहीच बदलत नाही.

कलमबहाद्दर
इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने १८ वर्षांखालच्या अशा मुलांना कसली मदत लागते ते तपासणं स्थानिक प्रशासनाला बंधनकारक केलंय. काळजी घेणाऱ्यावरचा ताण मोजायला झॅरिटची प्रश्नावली आहे, २२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण. तुम्ही स्वतः भरून बघा.

रातपाळी
मी इंग्लंडमध्ये नाही. ताण मोजून काय करू? रात्री घरी कोण थांबेल ते सांगा.

चष्मेवाली
मग तेच आधी विचारायचं ना! शेजारीपाजारी, नातेवाईक कुणीच नाहीत?

रातपाळी
आहेत. सुरुवातीला यायचे. तिला बोलता येत नाही, त्यांना काय बोलावं कळत नाही, मग दारातूनच 'काही लागलं तर सांगा' म्हणून जातात. ती काय म्हणते ते फक्त मुलीला कळतं. कुणी आलं तरी मुलीला दुभाषी म्हणून तिथेच बसावं लागतं.

निवृत्त_सिस्टर
हे इतक्या उशिरा सांगताय! हा वाचाघात. शब्द सापडत नाहीत, समज बऱ्याचदा त्यापेक्षा चांगली असते. एका पुठ्ठ्यावर चित्रं काढा: पाणी, बाथरूम, दुखतंय, पंखा, कूस बदल. बाकीचं हो-नाहीत उत्तर देता येईल असंच विचारायचं. एका वेळी एक प्रश्न, आणि थांबायचं, घाई करून तिचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. 'हो'साठी ती काय करते ते मुलीला लिहायला सांगा. पुठ्ठा पलंगापाशी असला की शेजारीण एकटी बसू शकेल. स्पीच थेरपी चालू आहे ना?

एकेकाळची_ताई
आणि 'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम द्या. 'मंगळवारी संध्याकाळी पाच ते सात बसाल का?' एवढंच. 'जमेल तेव्हा या' म्हटलं की कुणी येत नाही. धाकट्याला शाळेत सोडणं हे सगळ्यात सोपं काम, ते आधी वाटा.
गटांचं म्हणाल तर मोठ्यांच्या गटात १५ वर्षांची मुलगी तोंड उघडणार नाही. तिच्या वयाची, घरी तेच करणारी एक जरी मुलगी भेटली तरी पुष्कळ. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारा, अशी घरं त्यांना माहीत असतात.

काथ्याकूट
नोकरीत दिवसपाळी मागितली का?

रातपाळी
मागितली. प्रतीक्षा यादीत आहे. रात्रपाळीचा भत्ता गेला की औषधांचं काय, तेही बघायचंय.

जुनं_खोड
मग सुट्टी घ्या ना काही महिने.

चष्मेवाली
काका, वरचं वाचा जरा.

रातपाळी
मुलीला विचारलं. वर्गशिक्षिकेला नाही, चित्रकलेच्या सरांना सांगितलं तर चालेल म्हणाली. लेट मार्क त्यांच्या हातात नसतो, पण ते बोलतील वर्गशिक्षिकेशी. सोमवारी आधी त्यांनाच भेटतो. पुठ्ठ्यावरची चित्रं धाकटा काढतोय. सिस्टर, सरकवायची चादर सुती घ्यायची की गुळगुळीत?

निवृत्त_सिस्टर
जाड सुती, चुणी न पडणारी. सरकवल्यावर नीट ताणून घ्या.

गादीवाला_नाही_मी
चादर ठीक आहे, पण हवेच्या गादीवर ती घसरते. तिथे वेगळी लागते, सांगतो...