मांजर नवं, सोफाही नवाच: ओरखड्यांवर उपाय सुचवा (बजेट १५०० रु., नाशिक)

इंदिरानगर_तिसरा_मजला
पार्किंगमधली भाटी घरात घेतली आहे. देशी, सात-आठ महिन्यांची, लसी सुरू केल्यात. सोफा थ्री प्लस टू, जाड विणीच्या कापडाचा. उजव्या हाताची बाहेरची बाजू रोज खरवडते, झोपून उठली की लगेच आणि आम्ही बाहेरून घरात आलो की. दोरीचे खांब ऑनलाइन दिसतात, पण बहुतेक दीड फुटाचे. कोणता घ्यावा? बजेट १५००, एक पैसा वर नाही. हॉल लहान आहे आणि सासूबाईंना मधोमध धोंडा नको आहे. 'सोडून द्या' हा सल्ला कृपया देऊ नये.

कॉलेजरोड_पर्शियनवाला
पाच फुटी कॅट ट्री घ्या, भिंतीला पट्टीने आवळता येतो तो. आमचा साडेसहा हजारांना आलाय, तीन मचाणं, एक झोळी. स्वस्तात घेऊन दोनदा घेण्यापेक्षा एकदाच घ्या.

इंदिरानगर_तिसरा_मजला
बजेट १५०० लिहिलंय हो दादा.

सिडकोतला_रंधा
साडेसहा हजारांत लाकडी कपाटाचं दार होतं. ताई, खांब घरी करा, बजेटात बसेल.

उंची अडीच फुटांच्या खाली नको. मांजर मागच्या पायांवर उभं राहतं, पुढचे पंजे वर रोवतं आणि अंगाचा भार टाकून खाली ओढतं. खांब ठेंगणा असला तर तो ताण मिळत नाही. हलला तर त्याहून वाईट, एकदा दचकलं की परत जवळ येत नाही. दीड फुटी तयार खांबात नेमके हे दोन्ही दोष असतात.

सामान: ७५ मि.मी.चा पीव्हीसी पाइप ८० सें.मी., १८ मि.मी. प्लायचा दीड बाय दीड फूट तुकडा (फर्निचरवाल्याकडे कटिंगमधला मागा, नवी शीट घ्यायला जाऊ नका), पाइपात घट्ट बसेल असा चार इंच उंच गोल लाकडी ठोकळा, वरचं झाकण, ८ मि.मी. जाडीचा घायपाती दोर. दोर लोकांना हमखास कमी पडतो, म्हणून हिशेब देतो: ८० सें.मी. उंचीत १०० वेढे, एका वेढ्याला २६ सें.मी., म्हणजे २६ मीटर. ३० आणा. ११० मि.मी.चा पाइप घेतलात तर तोच दोर ३७ मीटर लागतो, बजेट तिथेच कोलमडतं.

ठोकळा प्लायवर ठेवून खालून चार स्क्रू, डोकी प्लायमध्ये बुडवायची, नाहीतर फरशीवर चरे पडतात. ठोकळ्यावर पाइप चढवून बाजूने चार स्क्रू. नुसत्या फेव्हिकॉलवर जाऊ नका, पीव्हीसीला तो धरत नाही. पाइप अर्धा कोरड्या वाळूने भरा, अडीच किलोच्या आसपास बसते, मग झाकण. दोराचं पहिलं टोक तळाशी भोक पाडून आत घ्या, गाठ मारा, प्रत्येक वेढा लाकडी ठोकळ्याने ठोकून मागच्याला भिडवा. काही जण दोर ओला करून गुंडाळतात. वाळला की सैल पडतो, कोरडाच गुंडाळा.

उगाच_नडतो
देशी मांजराला खांब! आजोळी आंब्याच्या बुंध्यावर नख्या घासायची मांजरं, कुणी दोर गुंडाळला नव्हता. पाण्याचा फवारा मारा, दोन दिवसांत सरळ.

पंजा_तज्ज्ञ
आंब्याचा बुंधा उभा, खडबडीत आणि न हलणारा असतो. रंधा तेच करायला सांगतायत, इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर बुंधा कुठून आणणार?

फवाऱ्याबद्दल: मांजर एवढंच शिकतं की तुम्ही समोर असताना खरवडायचं नाही. खरवडणं ही खोड नव्हे, गरज आहे. नखाचं बाहेरचं जुनं टरफल त्यातून निघतं (सोफ्याखाली चंद्रकोरीसारख्या पातळ साली सापडतील त्या), पाठ-खांदे ताणले जातात, आणि पंज्यातल्या ग्रंथींचा वास तिथे लागतो. ताई, तुम्ही वेळा लिहिल्यात ते बरं केलंत. उठल्यावर ताण हवा असतो, तुम्ही आलात की उत्साह आणि खूण दोन्ही. म्हणून खांब गॅलरीत किंवा बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवून उपयोग नाही. खरवडलेल्या जागेला टेकूनच उभा करा. तीन-चार आठवडे नियमित वापरला की मग रोज वीतभर सरकवा. एका दिवसात हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेलात की मांजर सोफ्यावर परत.

काकू_पंचवटी
सोफ्याच्या फटीत डांबर गोळ्या टाकून ठेव गं, फिरकणार नाही. आणि दूध-पोळी दे पोटभर, पोट भरलं की मांजर शांत.

पंजा_तज्ज्ञ
काकू, डांबर गोळ्या अजिबात नकोत. नॅप्थलीन मांजराला विषारी आहे, पंज्याला लागलं तरी ते चाटतं. त्याच रांगेत फिनेल, निलगिरी तेल, टी ट्री तेल, कुत्र्याचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध आणि पॅरासिटामॉल. पॅरासिटामॉलची एक गोळीही जीव घेऊ शकते. आपल्याकडे भाजीत कांदा-लसूण असतोच, म्हणून रस्सा-भात देऊ नका. लिलीची फुलं घरात आणू नका, परागही मूत्रपिंड निकामी करतात.
दुधाने बहुतेक मोठ्या मांजरांना जुलाब होतात. पाणी ठेवा.

काकू_पंचवटी
आमच्याकडची दुधावरच वाढलीय. असो, तुम्ही शिकलेले.

द्राक्षवाला_पिंपळगाव
१५०० कशाला घालवता, फुकटात होतं. हंगामात द्राक्षाचे खोके ढिगाने पडतात. पाच पदरी पुठ्ठ्याच्या ५ सें.मी. रुंद, ४५ सें.मी. लांब पट्ट्या कापा. पन्हळीला काटकोनात कापायच्या, म्हणजे पन्हळीची उघडी तोंडं वर येतात. हे चुकलं तर गुळगुळीत बाजू वर येते आणि मांजर हुंगूनही बघत नाही. चाळीस-पंचेचाळीस पट्ट्या शेजारी शेजारी फेव्हिकॉलचे ठिपके देऊन चिकटवल्या की वीतभराहून थोडं रुंद पॅड होतं. खळ लावू नका, झुरळं येतात. खोक्याच्या लोखंडी पिना आधी काढा. निर्यातीच्या खोक्यात पांढरं कागदी ग्रेप गार्ड पॅड असतं, ते गंधकाचा वायू सोडतं, फेकून द्या.

सिडकोतला_रंधा
पॅड चांगलं, पण ते आडवं. सोफ्याचा हात उभा आहे. उभं खरवडणारं मांजर पॅडवर नुसतं बसेल.

द्राक्षवाला_पिंपळगाव
मग फळीवर चिकटवून फळी भिंतीला स्क्रू करा. सगळं सांगायलाच पाहिजे का.

नाशिकरोड_११नंबर
खांब सोफ्याजवळ ठेवा, महत्त्वाचं आहे.

उगाच_नडतो
वरती वाचलं का?

नाशिकरोड_११नंबर
नाही. मुद्दा बरोबर आहे ना?

डेकोर_गंगापूररोड
खांबाबरोबर त्याच दिवशी सोफाही झाका, नाहीतर मांजराला दोन खांब मिळतात, एक तुमचा आणि एक कापडी. डबल टेप लावू नका. एप्रिलमध्ये नाशिक चाळिशीला टेकतं, डिंक वितळून कापडात मुरतो आणि डाग जात नाही. जाड पारदर्शक पीव्हीसी शीट घ्या, हाताच्या मापाची कापून कडा गोल करा आणि पिळदार सोफा पिनांनी लावा. पीन फोममध्ये पूर्ण गेली पाहिजे, बाहेर राहिलेलं टोक पंज्यात घुसतं. आधी कापड सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा, वास राहिला तर मांजर शीटची कड उचकटत बसतं.
पुढचा सोफा घेताना घट्ट मखमल किंवा मायक्रोफायबर बघा. जाड विणीत नख अडकतं, तीच मजा असते.

कॉलेजरोड_पर्शियनवाला
रेक्झिन घ्या, पुसता येतं.

डेकोर_गंगापूररोड
रेक्झिनला एक भोक पडलं की तिथून चिरत जातं. रफूही होत नाही.

सातपूर_लिहितो
नखंच काढून टाकता येतात म्हणे ऑपरेशनने. खरं का?

पंजा_तज्ज्ञ
नख उपटत नाहीत, बोटाचं शेवटचं पेर हाडासकट कापतात. तो विषय इथेच संपला.

नखं कापा मात्र. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. मांजर झोपाळलेलं असताना बोटाच्या गादीवर हलकं दाबलं की नख बाहेर येतं. उजेडात धरा, आत गुलाबी रेघ दिसेल, तिच्या पुढचं पारदर्शक टोकच एक-दोन मि.मी. छाटायचं. आपलं नेलकटर नको, ते नख चेपून फाडतं, मांजराचं छोटं कात्रीवालं मिळतं. रक्त आलंच तर कॉर्नफ्लोअर दाबून धरा. एका बैठकीत दोन पंजे झाले तरी पुरे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. आतल्या बाजूचं पाचवं नख विसरतात सगळे, ते झिजत नाही आणि वळून गादीत रुततं.

नाशिकरोड_११नंबर
खांबाला कॅटनिप (मांजरांना भुरळ घालणारा वाळका पाला) चोळा.

पंजा_तज्ज्ञ
चालेल, पण सगळ्याच मांजरांवर चालत नाही, तो आनुवंशिक भाग आहे. पावसाळ्यात कुंपणाशी उगवणारी खोकली उपटून तिचं मूळ खांबावर घासलं तरी बरीच मांजरं लोळण घेतात. खायला देऊ नका फक्त.

इंदिरानगर_तिसरा_मजला
सगळ्यांचे आभार. निर्णय झालाय: दीड फुटी गुलाबी खांब मागवला, वर लोंबणारा गोंडा आहे. १,३४९ ला सेल होता आणि सासूबाईंना रंग आवडला. पीव्हीसी शीट मात्र लावते आहे.

सिडकोतला_रंधा
२६ मीटरचा हिशेब मी कुणासाठी केला?

उगाच_नडतो
😂 फवारा घेऊन ठेवा.

द्राक्षवाला_पिंपळगाव
त्यापेक्षा खोके नेले असते.

सिडकोतला_रंधा
बरं, आणलाच आहे तर असा वापरा. खालची चकती उलटी करून मधला बोल्ट पक्का आवळा, तो पॅकिंगमध्ये सैलच येतो. चकतीखाली दीड बाय दीड फुटाची प्लाय चार स्क्रूंनी जोडा, स्क्रू चकतीच्या आरपार जाणार नाहीत असे आखूड घ्या. त्यानंतर भाटीला त्यावर उभं राहताना बघा. पंजे खांबाच्या माथ्यावरून पुढे निघत असतील तर वरचं झाकण काढून लांब बोल्टने अजून एक फुटाचा तुकडा जोडता येतो, खांब आतून पुठ्ठ्याचा आहे की लाकडाचा ते आधी ठोकून बघा. पुठ्ठ्याचा असेल तर बोल्ट धरणार नाही, आत लाकडी ठोकळा सारावा लागेल.

पंजा_तज्ज्ञ
आणि गोंड्याचे दोरे ओढून निघतायत का बघत राहा. लांब धागा गिळला तर आतड्यात अडकतो, ऑपरेशनपर्यंत जातं प्रकरण. निघत असतील तर गोंडा कापूनच टाका.

इंदिरानगर_तिसरा_मजला
गोंडा काढते. प्लाय सिडकोत कुठे मिळेल, रंधाभाऊ?

सिडकोतला_रंधा
व्यनि (खासगी निरोप) करतो. येताना खांब घेऊन या, ठोकून बघू.

काकू_पंचवटी
गुलाबी कुठून मिळाला गं? लिंक टाक.