लग्नात बदललेलं पहिलं नाव कागदावरून काढायचंय, काय करावं लागेल?

सुनीता_परभणी
नमस्कार. माझं माहेरचं नाव सुनीता, दहावी बारावी डीएड सगळं त्याच नावावर. मोठ्या जाऊबाई पण सुनीताच, एका घरात दोन सुनीता नको म्हणून लग्नात ताटातल्या तांदळावर आरती लिहिलं आन मग आधार, रेशनकार्ड, मतदान कार्ड, बँक सगळीकडं आरतीच झालं. आता शिक्षक भरतीची तयारी करायलेय, कागदपत्र तपासणीत विचारणारच की आरती कोण आणि सुनीता कोण. आणि खरं सांगते, भरती नसती तरी मला माझं नाव परत पाहिजे. आडनाव सासरचं राहू द्या, फक्त आरती काढायचंय. एकजण म्हणायलाय पाचशेच्या बॉण्डवर नोटरी केली की झालं, दुसरा म्हणायलाय कोर्टात जावं लागतं. नवऱ्याची सही लागती का? ते हो म्हणायलेत, सासूबाई नाराज आहेत.

ऑनलाइन_सेंटर_जिंतूर
ताई कोर्टाचं काही काम नाही. पण नुसती नोटरी पण पुरत नाही, पहिलं नाव पूर्ण बदलायचं म्हणलं की आधारवाले राजपत्र म्हणजे सरकारी गॅझेट मागतात आणि सोबत जुन्या नावाचं फोटो असलेलं ओळखपत्र. आपल्याला महाराष्ट्र शासनाचं राजपत्र चालतं, भाग दोन मध्ये नावं छापून येतात, आठवड्याला निघतं. शासन मुद्रण संचालनालयाच्या साइटवर खातं काढा, जुनं नाव, नवीन नाव, कारण आणि पुरावे टाका, फी तिथंच ऑनलाइन भरायची, छापून आलं की पीडीएफ काढून ठेवा. आधी गॅझेट, मग आधार, मग पॅन आणि बँक, मतदार यादीला फॉर्म ८. हा क्रम मोडू नका, आधार झाल्याशिवाय बँकेत गेलात तर ते परत पाठवतेत. आणि सरकारी कामाच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, २००४ पासून, साध्या कागदावर चालतं. तरी लोकांच्या हातात बॉण्ड देऊन पैसे घ्यायलेत, गरीब बायांकडून सुद्धा, याचा लई राग येतो.

कविता_लातूर
सुनीताताई, माझं अगदी असंच होतं. एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, आधारवर नाव आयुष्यात २ वेळाच बदलता येतं. लग्नानंतर तुम्ही एकदा बदललंय म्हणजे आता एकच संधी उरली, त्यामुळं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग मार्कमेमोशी अक्षर न अक्षर जुळवा, सुनीता ची सुनिता होऊ देऊ नका. माझं मत विचाराल तर मी म्हणेन आडनावासकट दहावीचंच नाव घ्या. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कुठलाच कायदा नाही आणि मग तपासणीत कुणी काही विचारायचा प्रश्नच उरत नाही. मी तसंच केलं.

वकील_नांदेड
कविताताईंचं बरोबर आहे, पण सुनीताताईंना आडनाव ठेवायचंय तर तो त्यांचा निर्णय, त्यांना कुणी भरीस घालू नये. फक्त मग विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागेल, कारण दहावीच्या नावापासून आताच्या आडनावापर्यंतचा दुवा तेच. नोंदणी राहिली असेल तर गावात ग्रामपंचायतीत करून घ्या, लग्नाआधीचं नाव सुनीता असंच लिहायला लावा. प्रतिज्ञापत्रात तिन्ही नावं येऊ द्या, दहावीचं, आधारवरचं आणि नवीन, आणि ही तिन्ही मीच असं स्पष्ट लिहा.
सहीचं विचारलंत म्हणून सांगतो. २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका झाली होती, माहेरचं आडनाव परत घ्यायला नवऱ्याचं ना हरकत पत्र मागतात म्हणून. तो वाद केंद्राच्या गॅझेटचा आणि आडनावाचा. तुमचा प्रश्न पहिल्या नावाचा आहे आणि ते तुमचं स्वतःचं आहे, जन्मापासूनचं. आणि सुप्रीम कोर्टानं २०२१ ला सीबीएसईच्या प्रकरणात म्हणलंय की आपलं नाव काय असावं हा राज्यघटनेच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तीच्या हक्काचा भाग आहे. सासूबाईंना घरात आरती म्हणायचं असेल तर म्हणू द्या, कागदाचा त्याच्याशी संबंध नाही.

सुनीता_परभणी
लई आभार सगळ्यांचे. अजून एक, माझी लहान मुलगी ऑगस्ट २०२४ ची आहे, तिच्या जन्म दाखल्यावर आईचं नाव आरती आहे. त्याचं काय?

ऑनलाइन_सेंटर_जिंतूर
ताई हे आधीच सांगायला पाहिजे होतं, हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात राज्यात आईचं नाव पण येतं, मुलीचं नाव मग आईचं मग वडिलांचं मग आडनाव. म्हणजे आरती तिच्या पूर्ण नावातच बसलंय. गॅझेट हातात आलं की जिथं जन्म नोंदलाय तिथं अर्ज द्या, प्रत लावा आणि पोच घ्या. अंगणवाडीचं सोडा, पण पहिलीच्या प्रवेशाआधी झालंच पाहिजे, एकदा शाळेच्या जनरल रजिस्टरला चढलं की मग टीसी, मार्कमेमो सगळीकडं तेच जातं.