मदत हवी आहे: पी०३३५ कोड जात नाहीये, गाडी गरम झाली की बंद

चोपडेकर
चालता चालता गाडी बंद पडते. स्कॅनरला पी०३३५ येतो, म्हणजे क्रँक सेन्सर, इंजिनचा मुख्य दांडा कसा फिरतोय ते सांगणारा. सेन्सर नवीन टाकला. कोड उडवला की थोडे दिवस बरं, मग परत तेच. काल तर कन्नड घाटात चढावर बंद. मागे एसटी हॉर्न मारतेय, शेजारी बायको म्हणतेय विका एकदाची. लग्नाला पुण्याला जायचंय, लवकर सांगा.

मीटरवाला_धुळे
गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? साल? सेन्सर ओरिजनल टाकला की बाजारातला? बंद पडल्यावर स्टार्टर फिरतो का? फिरताना आरपीएमचा काटा हलतो का?

भुसावळ_जंक्शन
डिझेल फिल्टर बदला. माझी अशीच बंद पडायची, फिल्टरमधून पाणी निघालं.

मीटरवाला_धुळे
फिल्टरने ०३३५ येत नाही हो भाऊ.

भुसावळ_जंक्शन
माझी तर फिल्टरनेच सुधरली.

चोपडेकर
तेराशे सीसीचं डिझेल, अर्ध्या भारतातल्या गाड्यांना तेच इंजिन आहे, त्यात काय सांगायचं. २०१४ ची. सेन्सर मेकॅनिकनेच आणला, डबी बघितली नाही. स्टार्टर मस्त फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बोनेट उघडं टाकून अर्धा तास थांबलं की एका सेल्फला चालू. काट्याकडे कोण बघतं त्या वेळी?

केळीबाग_रावेर
टायमिंग चेन (क्रँक आणि कॅम जोडणारी साखळी) लांबली असणार. मेव्हण्याच्या गाडीला तेच झालं. इंजिन उघडा.

मीटरवाला_धुळे
चेन लांबली तर क्रँक आणि कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) जुळत नाही, त्याचा कोड सहसा पी००१६. ०३३५ म्हणजे सर्किट: सेन्सर, वायर, कनेक्टर आणि अगदी शेवटी ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. एवढ्यासाठी कोणाचं इंजिन उघडायला लावू नका.

केळीबाग_रावेर
केळी विकणाऱ्याला गाडी कळत नाही का? मीटर घेतलं म्हणजे सगळे इंजिनिअर.

शिरपूरचा_पक्या
इकी टाक भाऊ. सीएनजी घे, किलोमीटरला किती पडतं ते बघ. आमच्याकडे आता पंपावर रांगही कमी असते.

चोपडेकर
मी गाडी विकू का, असं विचारलंय का?

मीटरवाला_धुळे
थंड असताना चालते, गरम झाली की मरते, म्हणजे उष्णतेने काहीतरी सुटतंय. त्यात जळगावकडचा ४५ अंशाचा उन्हाळा. आता गरम करून बंद पाडा आणि स्टार्टर मारताना काटा बघा. काटा शून्यावरच पडून राहिला तर ईसीएमला क्रँकचा सिग्नल जात नाही. ब्लूटूथचं ओबीडी डोंगल (गाडीला लावून मोबाईलवर बघायचा छोटा स्कॅनर) असेल तर लाइव्ह डेटात आरपीएम बघा, नुसत्या स्टार्टरवरही साधारण दोनशे दिसायला हवा.

मग कनेक्टर काढून तारा मोजा. तीन असतील तर हॉल सेन्सर, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला. इग्निशन ऑन करून कनेक्टरवर एका तारेला ५ व्होल्ट (काही गाड्यांत १२), एक अर्थ, तिसरी सिग्नलची. ह्या सेन्सरला ओहम मीटर लावू नका, काही कळत नाही, उलट खराब होऊ शकतो. दोनच तारा असतील तर कॉइलवाला, त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो. गरम झाल्यावर मीटर ओपन (आत तार तुटल्यासारखं) दाखवत असेल तर सेन्सर गेला. मीटर लावलेलं ठेवून वायरिंग हलवा, आकडा उडाला की जागा सापडली. पट्ट्याजवळ हात घालताना इंजिन बंद ठेवा.

भुसावळ_जंक्शन
उंदीरही बघा. आमच्या कॉलनीत केबल खाऊन दोन गाड्या उभ्या आहेत. डांबराच्या गोळ्या ठेवा.

चोपडेकर
काटा शून्यावर. तीन तारा आहेत. इंजिन थंड असताना ५ व्होल्ट बरोबर, गरम करून हार्नेस (तारांचा जुडगा) इंजिनच्या ब्रॅकेटजवळ हलवला की आकडा १ च्या खाली येतो आणि परत ५. टेप काढली तर आत अर्थची तार घासून हिरवी पडलेली आणि ५ व्होल्टची पण उघडी. म्हणजे दोन्ही तिथे ब्रॅकेटला टेकतात. मेकॅनिक म्हणतो पूर्ण हार्नेस बदला.

मीटरवाला_धुळे
हार्नेस कशाला? तेवढा हिरवा तुकडा कापून नवी तार सोल्डर करा, वर हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), आणि ब्रॅकेटपासून लांब क्लिपने बांधा. पीळ मारून काळी टेप गुंडाळणारा ऑटो इलेक्ट्रिशियन नको. मग कोड उडवा आणि घाटाच्या आधी बायपासवर गरम करून बघा.

केळीबाग_रावेर
चेनही बघून घ्या एकदा.

शिरपूरचा_पक्या
पुण्याला जाताय तर येताना सीएनजीचे भाव विचारून या.