कथेसाठी मदत हवी : साथीनंतर जळगावात एकटाच उरलेला माणूस कुठे जाईल?

लिहितोय_अजून
राम राम मंडळी. दीर्घकथा लिहायला घेतलीय. साथीत माणसं संपली, जळगावात एकच गडी उरला. चाळिशीचा, धडधाकट, शेतीची जुजबी माहिती असलेला. मार्चअखेर, वीज जाऊन आठवडा झालेला. तो रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जातो आणि तापीकाठी राहतो, असा माझा आराखडा आहे. पटतं का? पेट्रोल, पाणी, धान्य किती टिकेल तेही सांगा.

तापीकाठ
केळीपट्टा आधी खोडून टाका. ती हिरवाई विजेची आहे. पाणी शेकडो फूट खाली, सबमर्सिबलने उपसून ठिबकमध्ये सोडलेलं. मोटर थांबली की एप्रिलच्या उन्हात बाग पंधरा दिवसांत माना टाकते. बोअरमध्ये बादली जात नाही, आणि आत मोटरचा पाइप अडकलेला असल्याने बारीक डबाही सोडता येत नाही. त्यापेक्षा गावातला हातपंप बरा. त्याला वीज लागत नाही. सिलेंडरमधले वॉशर झिजले की दांडा हलका पडतो आणि पाणी येत नाही, म्हणून दोन-चार जादा वॉशर आणि पाने जवळ हवेत.

तापीकाठही नको. भुसावळच्या वर तापीवर हतनूर धरण आहे, त्याला ४१ दरवाजे. पावसाळ्यात ते माणसं उघडतात, मार्चमध्ये बंदच असतात. आषाढ-श्रावणात तापी आणि पूर्णा दोन्ही एकदम चढल्या की पाणी दरवाजांवरून जाणार, मातीच्या भागावरून गेलं तर भराव खचणार. भुसावळपासून खाली काठावर घर बांधलेला नायक पहिल्याच पावसाळ्यात गेला समजा.

लिहितोय_अजून
मग धुळे जिल्ह्यात साक्रीकडे पाठवू का? तिथे सोलर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या. वीज तरी मिळेल.

सेल_मीटर
नाही मिळणार भो. तिथले इन्व्हर्टर ग्रिडला जोडलेले. ग्रिड मेली की ते आपोआप बंद होतात, लाइनवर काम करणारा माणूस मरू नये म्हणून तशी रचनाच असते. पवनचक्क्यांचंही तेच.

कामाचे आहेत ते शेतातले सौर कृषी पंप, ३, ५ आणि साडेसात एचपीचे. त्यांचा कंट्रोलर स्वतंत्र असतो, ग्रिड लागत नाही. पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसायची. विहीर आटली तर पंप कोरडा चालू द्यायचा नाही, आतले बुश जळतात. केबल उंदीर कुरतडतात, म्हणून ती लोखंडी पाइपातून घ्यायची. आणि कंट्रोलरची पेटी उन्हात तापू द्यायची नाही, वर पत्रा टाकायचा. बिघाड बहुतेक कंट्रोलरमध्येच होतो, म्हणून शेजारच्या शेतातला त्याच एचपीचा आणि त्याच कंपनीचा कंट्रोलर काढून ठेवायचा.

पेट्रोलबद्दल : आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. पावसाळा उलटला की भरवसा धरू नका. डिझेल वर्षभर निघेल, पण टाकीच्या तळाशी पाणी साचून शेवाळी गाळ धरतो आणि फिल्टर चोंदतो. पंपावरचं मशीन विजेशिवाय चालत नाही. टाकी जमिनीखाली असल्याने नळी लावून तोंडाने ओढूनही पेट्रोल वर येत नाही, बॅरलचा हातपंप लागतो. तोही पहाटे. दुपारी नळीत वाफ धरते. कथेत नायकाला सायकल द्या. साधी काळी, मागे मजबूत कॅरिअर. दोन जादा ट्यूब, व्हॉल ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप. बाभळीचा काटा वाटेत मिळणारच.

पाटावरचा
साक्रीच बरोबर आहे, पण कारण वेगळं. तिथल्या पांझरा नदीवर फड पद्धत आहे, काही शतकांपासून. नदीत दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, म्हणजे शेतापर्यंतचे छोटे पाट. पाणी उताराने जातं, इंजिन नाही, मोटर नाही. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी पाटकरी सोडतो. खान्देशात वीज गेल्यावरही ओलीत देणारी ही व्यवस्था आहे, म्हणून तुमचा माणूस तिथेच टिकेल.

रस्ता : एरंडोल, पारोळा, धुळे, मग कुसुंबा, नेर, साक्री. मुक्काम साक्री ते पिंपळनेर दरम्यान कुठेतरी. अक्कलपाडा धरणाच्या वरचा बंधारा घ्या, हतनूरची कथा तिथे नको. एकूण दीडशे किलोमीटरच्या वर. एप्रिलमध्ये पहाटे चार ते नऊ, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर. दिवसाचं पाणी आठ-दहा लिटर. सोबत साखर-मीठ : लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. विहिरीचं पाणी उकळूनच. ग्रामपंचायतीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) सापडेल, हजार लिटरला अडीच ग्रॅम टाकून तासभर थांबायचं. डबा उघडल्यावर नाकात झणका बसला नाही तर ती पावडर मेलेली.

अडचण एकच. पाटाच्या तोंडाशी दरवर्षी गाळ बसतो, गाजरगवत माजतं. तो गाळ सगळं गाव मिळून काढतं. एकट्याच्याने पूर्ण पाट सांभाळला जाणार नाही. बंधाऱ्यालगतचं पहिलं शेत घ्यायचं, तेवढीच चारी मोकळी ठेवायची. उन्हाळ्यात नदी आटते, तेव्हा जवळची जुनी बांधीव विहीर.

दादर_भाकर
पाण्यावर सगळं लिहून झालं, खाणार काय? कृषी केंद्रातली मक्याची पिशवी सोडा, संकरित आहे, पुढच्या वर्षी त्याच दाण्यातून तसं पीक येणार नाही. औषध लावलेलं गुलाबी बियाणं खायचंही नाही. घरांच्या कोठ्यांतली दादर (रब्बीची ज्वारी), हरभरा, तूर उचला. दाणा दाताखाली कट् वाजला पाहिजे, नाहीतर सोंडे (धान्यातले किडे) पडतील. कडधान्याला किलोला चमचाभर तेल चोळलं की भुंगा लांब राहतो.

दादर काळ्या जमिनीत पावसाच्या ओलीवर येते. घटस्थापनेच्या आसपास पेरा, फेब्रुवारी-मार्चला कापणी. तोवर साठ्यावर निघायचं, माणसी रोज अर्धा किलो धरा. बैल गृहीत धरू नका, दावणीला बांधलेले तिथेच मेलेले असणार, मोकाट उरले तर धरून शिकवायला एक हंगाम जातो. म्हणजे टोकण, हाताने भोक पाडून दाणे टाकायचे. दोन ओळींत दीड फूट, दोन रोपांत अर्धा फूट, एका भोकात दोन दाणे. अर्ध्या एकराला तीस हजारांच्या आसपास भोकं होतात, हे तुमच्या नायकाच्या कंबरेला सांगून ठेवा. साधलं तर दीड-दोन क्विंटल, म्हणजे वर्षाची भाकर जेमतेम.

कथाकार हमखास विसरतात तो भाग पाखरांचा. एरवी चिमण्या, पोपट शंभर शेतांत वाटले जातात. इथे पेरलेलं शेत एकच. डुकरं, नीलगायीही तिथेच येणार. कणीस दुधात आल्यापासून माळा आणि गोफण, पहाटेपासून. त्यामुळे पेरा एकरभराचा करायचा आणि अर्धा पाखरांच्या नावाने सोडायचा.

लिहितोय_अजून
आणि साप चावला तर? आरोग्य केंद्रातली लस घेतली तर?

तापीकाठ
सुकी पावडर असते ती, बरीच टिकते. पण दहा कुप्या एकावर एक शिरेतून द्याव्या लागतात आणि रिअॅक्शन आली तर सांभाळायला दुसरा माणूस लागतो. एकट्याला जमत नाही. गमबूट द्या त्याला, आणि रात्री काठी आपटत चालू द्या.